शनिवारची चाळीस पाकिटं

“थांबेल! माझ्या पाकिटात ‘थांबेल’ आहे!” देवांग ओरडला आणि ईडन प्रेरीच्या पार्कातल्या शेडखाली टाळ्यांचा कडकडाट झाला. लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, “आमच्यातही! ओ माय गॉड, अक्षर बघा, स्वतः महाराजांचं!” दोन बायका तर रडायलाच लागल्या. गुरुवारपासून लागलेला पाऊस शनिवारी संध्याकाळी साडेपाचला थांबला होता, बाकं ओलीचिंब होती आणि मिनेसोटातली पदवीधर मराठी मंडळी कागदाच्या कपट्यांपुढे हात जोडून उभी होती.

कोजागिरी खरं तर गुरुवारी झाली. पण आमच्या मंडळाचा चंद्र वीकेंड बघून उगवतो. मसाला दुधाच्या पातेल्यावर मी होते.

महाराजांचं नाव मेघानंद. पूर्वाश्रमी डॅलसला गाद्या विकायचे. बुधवारी संध्याकाळी त्यांना बोलावणाऱ्या देवांगच्या बेसमेंटमध्ये त्यांनी चाळीस कुटुंबांना एकेक बंद पाकीट दिलं. म्हणाले, “शनिवारी सूर्यास्ताला उघडा. वर्षेचं आणि शीताचं जे होणार, ते यात आहे. पण एक लक्षात ठेवा, फ्रेंड्स. ज्याचं पाकीट खोटं निघेल, त्याच्या घरातच दोष आहे. त्यानं गप्प राहायचं. बोललात तर तो दोष दुसऱ्याला लागेल. मला एकांतात भेटा, शुद्धी करू.” काय सोय आहे बघा! गादीचीसुद्धा इतकी पक्की गॅरंटी कोणी देत नाही.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या नवऱ्याची, चंद्रशेखरची, येत्या मंगळवारी बायपास होती. हृदयाच्या तीन नळ्या बंद. महाराजांनी त्याचा हात हातात घेतला होता. “काका, हा कफ आहे. पाऊस सरून थंडी पडली की आपोआप सुटेल. माझं पाकीट खरं ठरलं, तर चाकू लावून घेऊ नका.” वर झिपलॉकच्या पिशवीत अंगारा. तीन दिवस मी डोकं आपटत होते आणि हा निवृत्त केमिकल इंजिनिअर अंगारा चहात ढवळत होता.

आता तो कागद घेऊन पातेल्यापाशी आला. “‘शनिवारी सूर्यास्तापूर्वी पाऊस थांबेल. मग थंडी.’” त्यानं वाचून दाखवलं. “कांचन, मंगळवारचं कॅन्सल कर.”

 मला राग असा आला की हातातला दुधाचा डाव त्या महाराजांच्या टाळक्यात घालावा.

पण मी तीस वर्षं कारखान्यात पेसमेकरच्या तारा तपासल्यात. आमच्या खात्यात कोणी पास झालेले नग कौतुकानं दाखवायला आणले, की आम्ही चहाला उठायचो. आम्ही विचारायचो एकच, नापास किती? मी शेडभर नजर फिरवली. ओरडणारे जेमतेम निम्मे होते. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत होते.

रांगेत पुढे यतीन उभा होता. दोनच वर्षं झाली त्याला आणि त्याच्या बायकोला, अंतराला, पुण्याहून येऊन.

“यतीन, तुझ्यात काय निघालं रे?”

“काही नाही, काकू. अर्धा कपच द्या.”

“पाकीट दाखव.”

“काकू, प्लीज. चूक आमचीच आहे. पाकीट मिळालं त्याच दिवशी अंतरानं फ्रीजमध्ये एग्ज आणून ठेवली.”

“अंड्यांनी पावसाचं काय केलं?” मी हात पुढे केला. त्यानं खिशातून चुरगळलेला कागद काढला. तेच अक्षर, तीच निळी शाई. ‘शनिवारी सूर्यास्तापर्यंत पाऊस थांबणार नाही. मग थंडी.’

मी पातेल्यावर झाकण ठेवलं. “ऐका सगळे! पाकीट दाखवल्याशिवाय दूध मिळणार नाही.”

“कांचनमावशी, यार, कशाला मूड घालवता?” देवांग म्हणाला.

“दूध आटतंय,” मी म्हटलं.

थंडी वाढत होती आणि झाकणाच्या फटीतून वेलदोड्याचा वास सुटला होता. पाच मिनिटांत रांग लागली. ‘थांबेल’ एका बाकावर, ‘थांबणार नाही’ दुसऱ्यावर. प्रत्येकाला आपल्या घरातला दोष सापडलेला होता. एकीनं सासूबाईंचा फोन कट केला होता. डॉक्टर राजीव चाळीस वर्षं या देशात प्रॅक्टिस करून रिटायर झालेले, त्यांनी दोष कुत्र्यावर ढकलला होता. शेवटी मोजले. इकडे वीस, तिकडे वीस.

“आता बुधवारी सकाळचा सरकारी हवामान अंदाज वाचते,” मी म्हटलं. चंद्रशेखरशी भांडायला मी तो फोनमध्ये ठेवला होता. “गुरुवारपासून पाऊस. शनिवारी सूर्यास्तापूर्वी थांबण्याची शक्यता पन्नास टक्के. त्यानंतर नक्की गारठा, रविवारी पहाटे दंव गोठणार. थंडीची त्यांना खात्री होती, म्हणून ती चाळीसही पाकिटांत आहे. पावसाची खात्री नव्हती, म्हणून महाराजांनी निम्मी अशी लिहिली, निम्मी तशी. खोटी निघालेली बाहेर येऊ नयेत म्हणून तुम्हाला गप्प बसवलं. झाला चमत्कार!”

अंतरा एकदम म्हणाली, “म्हणजे मी घरी जाऊन तीन डझन अंडी उगाच फेकणार होते?”

महाराज हीटरजवळच्या खुर्चीवरून उठले. “माताजी, विज्ञान जिथे संपतं...”

“तिथे तुमचं निळं पेन सुरू होतं. कळलं.”

“इथे निगेटिव्ह एनर्जी फार आहे,” म्हणाले आणि त्यांनी देवांगकडे पाहिलं. देवांग शांतपणे म्हणाला, “कॅब बोलवा.” ती येईपर्यंत ते फाटकापाशी उभे होते. गाडी किती मिनिटांत येणार, हे फोनवर बघत होते.

चंद्रशेखर ओल्या बाकावर बसून राहिला होता. मी शेजारी बसले.

“मला कळत नव्हतं असं नाही गं,” तो म्हणाला. “सर्जन म्हणाला, दोन टक्के धोका. हा म्हणाला, शून्य. मला शून्य हवा होता.”

माझा सगळा राग तिथेच गेला. त्याचा हात गारठला होता, तो मी दोन्ही हातांत धरला. “मलाही भीती वाटते रे. पण मला त्या अठ्ठ्याण्णवांत तू हवा आहेस.”

त्यानं खिशातून अंगाऱ्याची झिपलॉकची पिशवी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. “मंगळवारी किती वाजता पोचायचंय?”

“पहाटे साडेपाचला.”

“गजर तू लाव.”

ऑपरेशनला आज सहा आठवडे झाले. बाहेर बर्फ पडलंय आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून चंद्रशेखर आत्ता माझ्यावर करवादतोय. खुशाल करवादू दे.

तुम्हाला एवढंच सांगते. जो ‘पन्नास टक्के’ म्हणतो, ‘दोन टक्के’ म्हणतो, तो आपल्याला काय माहीत नाही तेही सांगत असतो. त्याचं ऐका. आणि कोणी हातात बंद पाकीट देऊन गप्प राहायला सांगितलं, तर आधी शेजाऱ्याचं पाकीट बघायला मागा.