कृपेचा सुगंध

"टपक्युं! टपक्युं!" तेल ठिबकलं, असा एकच गलका झाला आणि फाटकाबाहेरची गर्दी आत घुसली. डिसेंबरातली सकाळ, जेमतेम सात वाजलेले. मकरपुऱ्याच्या कारखान्यांकडे निघालेल्या कंपनीच्या बसगाड्या रस्त्यात खोळंबल्या आणि पहिल्या पाळीचे कामगार डबे हातात घेऊनच खाली उतरले. फादरांच्या शाळेच्या ओसरीत एक पांढरा पुतळा होता. त्याचा उजवा हात आशीर्वादासाठी पुढे केलेला. हाताखाली शंभरेक मेणबत्त्या जळत होत्या आणि बोटांतून मोगऱ्याच्या वासाचं तेल थेंबथेंब ठिबकत होतं.

पुतळा फादर मार्तिन यांचा. गुजरात राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा हा परदेशी पाद्री सायकलवरून या माळावर आला आणि वीटभट्टीवरच्या पोरांना कडुनिंबाखाली कक्को, म्हणजे मुळाक्षरं, शिकवू लागला. देवीची साथ आली तेव्हा कुणी लस टोचून घेईना. माता कोपेल म्हणत. फादरांनी भर चौकात आधी स्वतःच्या दंडावर लस घेतली, मग पोरांना दिली. शाळेच्या भिंतीवर त्यांनी एकच शब्द रंगवला होता, 'पूछो'. विचारा! त्यांना जाऊन आता दहा वर्षं झाली होती.

आणि आता त्यांच्याच नावानं ब्रदर प्रकाश माइकवरून गर्जत होते. हे ब्रदर कुठल्या चर्चचे, ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. शाळेच्या वर्धापनदिनाची भेट म्हणून त्यांनी हा प्लास्टरचा पुतळा आणून बसवला आणि पंधरा दिवसांत त्याला तेल फुटलं. सांधेदुखी, मूळव्याध, अडलेलं लग्न, हरवलेली स्कूटर, सगळ्यांवर तेच तेल!

"जेटली श्रद्धा, एटलुं तेल! डॉक्टर सोय मारे छे, फादर स्पर्श करे छे. सोय छोडो, श्रद्धा जोडो!"

जेवढी श्रद्धा तेवढं तेल, आणि सोय म्हणजे सुई. कडेला उभ्या असलेल्या वसुंधराबाईंच्या काळजात ती सुई रुतली, कारण नेमके तेव्हाच शाळेचे शिपाई संपतराव आपल्या मुलीला पुढे नेत होते. सुहासिनी आठवीत होती, वसुंधराबाईंच्याच विज्ञानाच्या वर्गात. तिला दोन वर्षांपासून मधुमेह होता आणि रोज दोनदा इन्सुलिन टोचावं लागे. ब्रदरांनी तिच्या कपाळाला तेल लावलं आणि तिच्या हातातली सिरिंज सगळ्यांदेखत मोडून टाकली. टाळ्या पडल्या.

"संपतराव, इन्सुलिन बंद करू नका हं," बाईंनी नंतर त्यांना गाठून सांगितलं.

"नाही हो बाई," संपतराव खाली बघत म्हणाले.

त्या दिवशी शिक्षकांनाही तेलाची एकेक बाटली मिळाली. बाईंनी ती घरी खिडकीत ठेवली. सोमवारी पहाटे पाहतात तो तेल गोठून पांढरं झालेलं. शेजारीच सासूबाईंची खोबरेलाची बाटली होती, तीही तशीच.  शाळेत जाऊन बाईंनी पुतळ्याच्या पाठीवरचा हार उचलला. खाली मेणानं बुजवलेलं भोक होतं. टाचणीनं मेण खरवडलं, तर आत पत्र्याची नळी लागली. ती थेट उजव्या हातात उतरत होती.

त्या तशाच प्राचार्यांकडे गेल्या. फादर मॅकवान भले गृहस्थ. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"बेन, पालक इंग्रजी शाळांकडे चालले. या गर्दीनं शाळेत पुन्हा माणसं दिसतायत. शुक्रवारी बिशपसाहेब येतात. शुक्रवार सुधी रहेवा दो ने! तेवढं राहू द्या, मग मी स्वतः हे बंद करतो."

वसुंधराबाई गप्प राहिल्या. चारच दिवस, त्यांनी मनाशी म्हटलं.

सुहासिनी बुधवारी दुपारी गेली.

शुक्रवारी सकाळी गर्दी दुप्पट होती. बिशपसाहेब अजून पोचायचे होते. ब्रदरांनी माइक हातात घेतला, तोच वसुंधराबाई पुढे झाल्या आणि त्यांनी नुकत्याच पेटवलेल्या मेणबत्त्या एकेक करून पुतळ्याच्या डाव्या हाताखाली सरकवल्या.

"आता प्रार्थना करा," त्या म्हणाल्या.

ब्रदरांनी डोळे मिटले, हात उंचावले, घसा फुटेतो देवाला हाका मारल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एक थेंब पडला नाही.

"अविश्वास छे अहीं!" ब्रदर ओरडले.

बाईंनी प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा पेटवून उजव्या हाताखाली धरला. प्रार्थनेचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. थोड्याच वेळात बोटांतून तेल ठिबकू लागलं.

"हे खोबरेल आहे. थंडीत गोठतं, ऊब लागली की वितळतं. यांची माणसं हार बदलायच्या निमित्तानं पाठीतून ते भरतात. श्रद्धा जास्त म्हणजे मेणबत्त्या जास्त, एवढंच." त्यांनी हार ओढून काढला. भोक सगळ्यांनी पाहिलं. ब्रदर मागच्या दारानं सटकू लागले, तेव्हा दोन कामगारांनी त्यांना धरलं. तरीही एक म्हातारी पुढे येऊन बोटानं तेल टिपून घेत होतीच.

मागून संपतरावांचा आवाज आला. "सुई आम्ही बंदच केली होती, बाई. मंगळवारी ब्रदर घरी आले. पोरगी ओकत होती, श्वास जोरजोरात चालला होता. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. ब्रदर म्हणाले, कृपेचा सुगंध आहे, दवाखान्यात न्याल तर कृपा जाईल. आम्ही उदबत्ती लावली."

वसुंधराबाई त्यांच्याकडे वळल्या. "इन्सुलिन थांबलं की शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळतं आणि रक्तात विष साचतं. तो वास त्याचाच. त्या घटकेला नेली असती, तर वाचण्याची आशा होती."

संपतराव पुतळ्याकडे पाहत होते. "हे तेलाचं... तुम्हाला कधी कळलं?"

फादर मॅकवान मान खाली घालून उभे होते. बाईंना खोटं बोलता आलं असतं.

"सोमवारी," त्या म्हणाल्या.



"सोमवारी कळलं आणि मी गप्प बसले. शाळेसाठी, असं मी स्वतःला सांगितलं." त्या गर्दीकडे वळल्या. "यांनी फसवलं, मी गप्प राहिले, आणि पोर गेली. प्रार्थना खुशाल करा, पण औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या पाठीमागे जाऊन बघा. आणि लबाडी दिसली तर त्याच दिवशी, त्याच घटकेला ओरडून सांगा."