तेरावी टोपी

मुख्याध्यापिका बाई, तुम्ही माझ्या बाबांच्या तोंडावर खोटं बोललात. त्या दिवशी तलावातली मोजणी बरोबर भरली होती, म्हणजे मी बुडालेच नव्हते, असं तुम्ही त्यांना सांगितलंत. बाबा फ्रिज दुरुस्त करतात. मशीन कुठे बिघडलंय हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं. ते नमस्कार करून उठले म्हणून तुम्हाला वाटलं, त्यांना पटलं.

पहिल्यापासून सांगते. स्पर्धेला बारा नावं लागत होती आणि तुमच्याकडे अकराच होती. तुम्ही आमच्या वर्गात येऊन म्हणालात, पोहता आलं नाही तरी चालेल, नाव हवं. मी हात वर केला. चौदा वर्षांत मला कुणी कशासाठी घेतलं नव्हतं. आईने कपाटातला नवा टॉवेल काढून दिला. दादा म्हणाला, आधी बादलीत तोंड बुडवून बघ, जमलं तर तलावाचं बघू.

तलाव शाळेच्या तळघरात. खिडक्या पार छताला टेकलेल्या, फरशा पांढऱ्या, आणि पाण्यातल्या औषधाचा वास असा की रात्री उशीलाही यायचा. पहिले दोन आठवडे मी फोमची फळी छातीशी धरून उथळ बाजूला नुसते पाय मारले. बाकीच्या मला बदक म्हणायच्या. बदकाला निदान पोहता येतं.

दर दहा मिनिटांनी पोहणं शिकवणारे सर शिट्टी मारायचे. सगळ्यांनी काठाशी यायचं, एक हात काठावर, डोकं पाण्याबाहेर. टोप्या सगळ्यांच्या पिवळ्या. सर बोटाने त्या मोजायचे. पहिल्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर मनात मोजल्या, माझी धरून. तेरा भरल्या. सर म्हणाले, बारा, चला.

माझंच चुकलं असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेरा. कपडे बदलताना संघाच्या कॅप्टनला विचारलं. ती केस पुसत होती, थांबलीसुद्धा नाही.

"एक सोडून द्यायची," ती म्हणाली. "आम्ही अकरा होतो तेव्हा बारा भरायच्या. होते सवय."

कुठली सोडायची, मी विचारलं. ते बघत बसायचं नाही, ती म्हणाली.

मग माझ्या लक्षात आलं की मोजणी चालू असताना कुणीच शेजारी बघत नाही. सगळ्यांच्या नजरा सरांकडे. पोहायच्या आधी मी तेवढं मात्र शिकले. एकदा माझ्या डाव्या कोपराशी कुणीतरी धापा टाकत होतं. तोंड उघडं टाकून, अर्धा घोट पाणी आणि अर्धा घोट हवा, अगदी मी टाकते तशा. कॅप्टन असा श्वास घेत नाही. तिथे कुणीच घेत नाही. मी सरांकडे बघत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात, स्पर्धा जवळ आली म्हणून, सरांनी माझी फळी काढून घेतली आणि खोल बाजूला पाठवलं. मध्यावर पोटरीत गोळा आला. बुडणारा माणूस ओरडतो असं मला वाटायचं. ओरडायलाही छातीत हवा लागते, बाई. मी गुपचूप खाली गेले, कुणाला कळलंही नाही.

खालून शिट्टी ऐकू आली, शेजारच्या घरातली बेल वाजावी तशी. काठाशी पाय येऊन रांगेत लागले. तुमच्याकडचीच सवय, मी मोजले. बारा जोड्या. मी खाली, म्हणजे वर अकराच हव्या होत्या.

वर काय झालं ते कॅप्टनने मला नंतर सांगितलं. सरांनी दोनदा मोजलं आणि हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आकडा यादीशी सरळ जुळला होता, काहीच सोडावं लागलं नव्हतं. खूश होऊन त्यांनी सगळ्यांना पाच मिनिटं आधीच सोडलं.

अकरा जोड्या वर गेल्या. एक राहिली. तिने काठ सोडला आणि ती खाली आली. पोहत नाही, पडत, हात वेडेवाकडे मारत. तिलाही येत नव्हतं. थंड बोटांनी माझं मनगट धरलं, माझ्या बोटांहून लहान. मग ती माझ्याखाली गेली. माझ्या तळपायांना दोन हाडकुळे खांदे लागले, आणि तिने तळावर उभं राहून मला वर रेटलं. माझा हात शिडीला लागला.

फरशी पुसायला आलेल्या मावशींनी मला बाहेर ओढलं. मी पाणी ओकत ओकत त्यांना सगळं सांगितलं. त्यांना जरासुद्धा नवल वाटलं नाही.

"तीही नवीनच होती गं," पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या. "तिलाही नाव भरायलाच आणली होती." पुढे विचारलं तर म्हणाल्या, माझी नोकरी जाईल, आणि बादली उचलून गेल्या.

मी परत गेले नाही. आता पाण्यात अकरा मुली उतरतात आणि मोजणी रोज बारा भरते. सर निर्धास्त आहेत. आणि तुम्ही बाबांना सांगितलंत, संघ पूर्ण आहे, तुमच्या मुलीचं नाव यादीत राहू दे, काही अडत नाही.

अडतंय, बाई. माझ्या नावावर तुम्ही कुणाला मोजताय? ती कुठल्या वर्गात होती? ती घरी पोचली नाही त्या संध्याकाळी तिचे बाबा तुमच्यासमोरच्या त्याच खुर्चीत बसले होते ना? त्यांनाही मोजणी बरोबर होती असंच सांगितलंत का? मला उत्तर द्या. लेखी द्या, आणि सगळ्यात आधी तिचं नाव लिहा.