तांबड्या जॉनची केट

ऑड्रीकाकू गेली आणि तिची वंशावळीची खोकी एफीच्या गळ्यात पडली. काकू मूळची टोरँटोची. लग्न होऊन केप ब्रेटन बेटावरच्या या गावात आली नि जन्मभर सासरच्या मॅकनील घराण्याची मुळं खणत बसली. एफीच्या आईचं, फ्लोराचं, तिच्यापाशी एकच मागणं होतं, माझ्या आईचा फोटो शोध. फ्लोराला जन्म देऊन ती बाई गेली होती, आणि पुढे घर जळालं त्यात तिची खूणही उरली नाही. काकूला फोटो काही सापडला नाही.

सगळ्यात खालच्या खोक्यावर काकूनं लिहिलं होतं, ‘आपले नव्हेत’. आत फोटोंचा जाडजूड अल्बम. प्रत्येक फोटोखाली नाव होतं, आडनाव मात्र एकालाही नाही. लांब्या ॲलनचा रोरी. लोहाराची पेगी. एफीला हसूच फुटलं. दगड उचलावा तर खाली मॅकनील, अशा गावात आडनाव घेऊन करायचंय काय? बापाचं, आजोबाचं नाव लावल्याशिवाय इथे पोस्टमनलासुद्धा माणूस कळत नाही. शहरी काकूनं अल्बमभर मॅकनील शोधले, एकही दिसेना, म्हणून अख्खं गावच परकं ठरवलं. बिचारी.

पुढचं पान उलटलं आणि एफीचं हसू थांबलं. ‘तांबड्या जॉनची केट.’

फ्लोरा आजोळी वाढली, म्हणून तिला बापाऐवजी आईचं नाव चिकटलं होतं. अजूनही गाव तिला ‘फ्लोरा केटची, तांबड्या जॉनची’ असंच म्हणतं. दार सताड उघडं टाकून, अल्बम छातीशी धरून एफी आईच्या घराकडे धावत सुटली. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दम तर केव्हाच लागला होता.

फ्लोरा बटाटे सोलत होती. “अगं, या वयात पळतेस काय? कोण लागलंय मागे?”

“आई, आधी सुरी ठेव. हात पूस.”

फोटोत धक्क्यावर एक मुलगी उभी होती. बिनबाह्यांचा झगा, वाऱ्यानं तोंडावर आलेले केस, आणि मनमोकळं हसू. फ्लोरानं खालचं नाव वाचलं. मग त्याला आपलं नाव जोडून पुन्हा म्हणून पाहिलं. एफीला वाटलं, आता ही रडणार. पण म्हातारी त्या उघड्या दंडांवरून नुसतं बोट फिरवत राहिली.

“किती लहान आहे गं,” ती म्हणाली. “एवढ्या वाऱ्यात उभी केलीय. कुणी कोट तरी घालायचा पोरीला.”