टेलरबाईंचं मत

टेलरबाईंना अभिमान दोनच गोष्टींचा होता. एक त्यांच्या हातच्या काजांचा आणि दुसरा डोंगरावरच्या वाटेचा. काजांबद्दल त्या स्वतः कधी बोलत नसत, गिऱ्हाइकंच बोलायची. वाटेचा विषय मात्र कुणी चुकून काढला की त्याची सुटका नव्हती. "ते तिसरं वळण आहे ना, तिथला कातळ आम्ही फोडलाय," असं सुरू व्हायचं आणि मापाला आलेला माणूस हात पसरून तसाच उभा राहायचा.

आम्ही म्हणजे बाई, त्यांचा नवरा आणि आणखी पाच-सहा वेडे. तरुणपणी दर सुट्टीला ही मंडळी कुदळी-फावडी सायकलला बांधून निघायची आणि संध्याकाळी मातीनं माखून परतायची. अशी कित्येक वर्षं खपून त्यांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाट काढली. चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट एकच. नवरा पेशानं प्लंबर, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. वाटेच्या समितीचा अध्यक्ष होण्याची दुसऱ्या कुणाला हौस नव्हती, म्हणून पहिल्यापासून तेच अध्यक्ष. मोटरवाल्या कुठल्याही गाडीला वाटेवर बंदी हा नियम त्यांचाच.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी बाईंच्या उजव्या फुफ्फुसाचा मोठा तुकडा काढून टाकला. "कापड कमी पडलंय, आता उरलंय त्यात बेतायचं," असं बाई भेटायला येणाऱ्यांना हसत सांगायच्या. दुकानाचं शटर वर करतानाही त्यांना मध्ये थांबावं लागायचं. वाटेचं पहिलं वळण चालत गाठायचं म्हटलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. माथ्यावर पुन्हा कधी जाणं होईल का, हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. रात्री कूस बदलताना तो आपोआप यायचा.

मग मुलीनं आईसाठी ई-बाइक आणली. पेडल आपणच मारायचं, पण मोटर पाठीवर हात ठेवल्यासारखी मदत करते. बाईंनी गल्लीत दोन चकरा मारल्या आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या. अण्णांनी सायकल उलटी करून ब्रेक तपासले, चेन पुसली, टायरमध्ये हवा भरली आणि म्हणाले, "सायकल झकास आहे. वाटेवर नाही चालणार."

"का? मी काय आग लावणार आहे का डोंगराला?"

"तू नाही गं. पण आज तुला परवानगी दिली की उद्या सगळ्यांना द्यावी लागेल. ज्याला घाम गाळायचा नाही तो बटण दाबून वर येईल. चालणारी म्हातारी माणसं जातील कुठे?"

"आणि मी कुठे जाऊ?"

अण्णा हात धुवायला आत गेले. घरात त्या विषयावर तीन दिवस अबोला होता, तरी चौथ्या दिवशी सायकलची बॅटरी चार्जिंगला लावलेली दिसली. बाईंनी लावली नव्हती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. समितीचे सेक्रेटरी पेशानं दातांचे डॉक्टर. ते पँट आखूड करायला दुकानात आले ते तोडगा खिशात घेऊनच. "बाई, बंदी तशीच ठेवू. फक्त आजारी माणसांना सूट देऊ. डॉक्टरांचा दाखला आणायचा, बस्स. तुमच्या बाबतीत कुणाची ना नसेल."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. "कातळ फोडताना कुणी दाखला मागितला नव्हता मला. द्यायची असेल तर सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच देऊ नका. माझी कीव करून मला वर पाठवू नका."

डॉक्टर खजील होऊन गेले. पँट घ्यायला त्यांनी बायकोला पाठवलं.

शेवटी समितीनं ठरवलं की बाईंनी रविवारी एकदा चाचणी म्हणून जाऊन यावं आणि मग सभेत सगळ्यांनी हात वर करून काय तो निकाल लावावा.

रविवारी बाई निघाल्या. काय सांगावं! पहिलं वळण, दुसरं वळण, आणि छाती शांत. ओल्या मातीचा वास, मुळांवरून टायरची ती ओळखीची थरथर. आपल्या हातानं रचलेला दगड न् दगड त्यांना भेटत होता. मोटरचा आवाज म्हणाल तर माशीएवढा. तिसऱ्या वळणाला समोरचं काही दिसत नाही, तिथे त्या रुबाबात वळल्या आणि समोर मास्तर!

मास्तर म्हणजे चालणाऱ्यांचे पुढारी, शाळेतून निवृत्त झालेले, काठी घेऊन रोज माथ्यावर जाणारे. बाईंनी ब्रेक दाबले. मास्तरांनी काठीसकट झुडपात उडी घेतली. कुणाला लागलं नाही, पण मास्तरांची पँट गुडघ्यापासून खाली फाटली.

"आवाजच आला नाही हो तुमचा," काटे उपटत मास्तर म्हणाले. "सायकलवाला चढत असला की त्याची धाप वळणाआधी ऐकू येते. आपण बाजूला होतो. इतकी वर्षं असंच चाललंय."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच होतं ते. या वाटेवर चढणाऱ्यानं घंटा वाजवायची पद्धतच नव्हती, कारण धाप हीच घंटा. हे कुणी कुठे लिहिलं नव्हतं, सगळ्यांच्या कानांना ठाऊक होतं. आणि आज बाई चढल्या होत्या त्या धापेशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा.

"पँट द्या घरी पाठवून, रफू करून देते," त्या कशाबशा म्हणाल्या.

"असू द्या. आणि काळजी करू नका, मी सभेत हे काढणार नाही. आजारी माणसाची तक्रार करण्याइतका मी वाईट नाही."

मास्तर भल्या मनानं बोलले होते, तरी ते वाक्य बाईंना माथ्यापर्यंत टोचत राहिलं. माथा आला, खाली सगळं शहर दिसलं, डोळे भरून आले, आणि तरी ते वाक्य गेलं नाही.

सभा अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत होती. खाली पाण्याचे लांब होज पाइप वाळत घातलेले, वर लोखंडी खुर्च्या. एकीकडे चालणारे, एकीकडे सायकलवाले, मध्ये अण्णा. डॉक्टरांनी विचारलं, "चाचणी कशी झाली?" मास्तर छताकडे पाहू लागले.

बाई उभ्या राहिल्या. "चाचणीत मी मास्तरांना झुडपात पाडलं."

खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसू नका. माझी चूक होती. मला धाप लागली नाही, म्हणून त्यांना मी ऐकू आले नाही. एखादं पोरगं माझ्या दुप्पट वेगानं आलं असतं तर मास्तर दवाखान्यात असते. म्हणून परवानगी द्यायची तर अटीवर द्या. मोटरवाल्यानं प्रत्येक वळणाआधी ओरडून सांगायचं आणि वळण चालत्या माणसाच्या वेगानं घ्यायचं. जो पाळणार नाही त्याची सायकल वाटेवर कायमची बंद. पहिली माझी. ही अट नको असेल तर परवानगीही नको. झालं माझं बोलून."

त्या बसल्या. हे सांगून आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला की काय, असं त्यांना वाटून गेलं. मान मात्र ताठ होती. मास्तर वळून त्यांच्याकडे बघत होते आणि त्या नजरेत कीव औषधालाही नव्हती.

वाद तासभर चालला. कुणी म्हणालं, डोंगर कमवावा लागतो. कुणी म्हणालं, मग गुडघे गेलेल्यांनी घरी बसून कमवायचा का? अखेर अण्णांनी टेबलावर थाप मारली. "अटीसकट परवानगीच्या बाजूनं कोण?"

हात वर झाले. अण्णांनी बोट दाखवत मोजले. अकरा. त्यांत मास्तरांचा हात होता, काठीसकट वर केलेला.

"विरोधात?"

पुन्हा हात वर झाले. अकरावा हात अण्णांचा स्वतःचा होता. बायकोसमोर, सगळ्यांसमोर त्यांनी तो सरळ वर केला. बाईंना राग यायला हवा होता. आला नाही. हा माणूस बोलतो तेच करतो, घरातही आणि बाहेरही, आणि असल्या माणसाशी आपण संसार केला याचा त्यांना उलट अभिमानच वाटला.

"अकरा-अकरा," डॉक्टर म्हणाले. "बरोबरी झाली म्हणजे जुनाच नियम राहणार. बंदी कायम."

"थांबा," अण्णा म्हणाले. "मोजणी पुरी झालेली नाही. एका सभासदानं हात वर केलेला नाही."

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या.

"मी नाही करणार," बाई म्हणाल्या. "माझ्याच सोयीसाठी मीच मत देऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू दे. मी माझ्या मतासाठी हात वर केला ना?"

"तुमची गोष्ट वेगळी. अहो, मी हात वर केला तर तुम्ही हराल."

"हरेन की." अण्णांचा आवाज किंचित फाटला, तो त्यांनी खाकरून सरळ केला. "तू इथे पेशंट म्हणून आलेली नाहीस. माझी बायको म्हणूनही नाही. ही वाट तू काढलीस. माझ्याबरोबरीनं काढलीस, कधी कधी माझ्यापेक्षा जास्त. तुझं मत धरल्याशिवाय मी निकाल देणार नाही. परवानगी हवी की नको, ते तुझं तू ठरव. पण हात वर कर."

बाईंना श्वास घ्यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी उजवा हात वर केला. ऑपरेशनच्या बाजूचा. तो पुरता वर जात नव्हता, शिवण ताणली जायची. त्यांनी दात आवळले आणि तो पुरता वर नेला.

"परवानगीच्या बाजूनं," त्या म्हणाल्या.

अण्णांनी प्रत्येक हाताकडे दाखवलं होतं तसंच बोट त्यांच्याकडे दाखवलं आणि शेवटच्या रांगेतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बारा."