भाकरीच्या पापुद्र्याचा रंग

मित्रांनो, एक पत्र दोन महिने माझ्या बुडाखाली दडपून पडलं होतं. त्याला उत्तर का गेलं नाही, हे मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. मी रंगाचा एक जुना, पत्र्याचा डबा आहे. कडांना गंज चढला आहे. तरी सांगून पाहतो.

सात वर्षांपूर्वी इंदापूरच्या दुकानातून मला वरकुट्यात ज्ञानदेव गुरुजींच्या घरी आणलं, तेव्हा माझ्यात पांढरा रंग होता. रंगारी बिरूने रंगांचं कार्ड पुढे धरलं. गुरुजींच्या पत्नी रंगुबाईंनी ते बाजूला सारलं, ज्वारीची भाकरी आणली आणि तिचा पापुद्रा भिंतीला टेकवला.

“असा पायजे.”

“वैनी, भाकरीचा रंग कंपनी काढत न्हाय,” बिरू म्हणाला.

“मग तू काढ. कंपनीला जेवाय बोलवू.”

बिरूने माझ्यात थेंब थेंब पिवळा, तांबडा, किंचित काळा घातला. तीनदा फसला, चौथ्यांदा जमला. त्या भिंती अशा दिसू लागल्या, की आलेला माणूस उगाच घटकाभर जास्त बसे.

“अवो, कसा दिसतोय?” रंगुबाईंनी विचारलं.

गुरुजी पुस्तकात होते. “हं,” म्हणाले. रंगुबाई थोडा वेळ थांबल्या आणि आत गेल्या.

उरलेला रंग घेऊन मी माळ्यावर गेलो. कुणाला माझी आठवण राहिली नाही. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते मागच्या वर्षी, रंगुबाई वारल्या तेव्हा.

मग त्यांच्या लेकीचं, दिशाचं, बारामतीहून पत्र आलं. ‘आबा, फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता, म्हणून लिहिते. नव्या घराला मला आईचा रंग द्यायचा आहे. आपल्या भिंती विटल्या, त्यांच्यावरून जुळत नाही. डब्यात उरला असेल तर नमुना पाठवा. दुकानदार तसा करून देईल.’

गुरुजींनी मला खाली काढलं, झाकण जरासं उचकटलं आणि आत न बघताच परत टेकवलं. मग खिडकीत पत्र ठेवलं आणि त्यावर मला. रंग वाळला असला तर? रोज ते माझ्यासमोर बसत आणि उठून जात. झाकण घट्ट बसलं नव्हतं. मी खरंच वाळत चाललो होतो, आणि मला सांगता येत नव्हतं.

परवा शेजारचे सोनबा आले. त्यांनी मला हलवून पाहिलं.

“गुरुजी, ह्यो वाळाय लागलाय. टाकू का उकिरड्यावर?”

“नको.” आवाज इतका मोठा आला, की गुरुजी स्वतःच दचकले.

“मग उघडून बघा की. डबाच हाय, साप न्हाय.”

गुरुजींनी चमच्याने झाकण काढलं. वर जाड साय धरली होती. ती सारली, तेव्हा तळाशी चमचाभर रंग निघाला. ओला होता. गुरुजी कितीतरी वेळ माझ्यात बघत राहिले.

मग त्यांनी जाड कागदावर तो बोटाने पसरला. वाळल्यावर मागे लिहिलं. ते पुटपुटत लिहीत होते, म्हणून मला कळलं. ‘दिशा, हा तुझ्या आईचा रंग. फार चांगला आहे. तिने विचारलं होतं, तेव्हा सांगायचं राहिलं.’

मित्रांनो, मी आता रिकामा आहे. माझं एकच मागणं आहे. घरात कुणी काही विचारलं, तर पुस्तकातून मान वर करून उत्तर देत जा.

खिडकीतून समोरची टपालपेटी दिसते. गुरुजींनी पाकीट आत टाकलं आणि ते खाली पडलं ना, हे फटीत बोट घालून चाचपून पाहिलं. घरी आले, तेव्हा त्या बोटाला भाकरीचा रंग तसाच होता.