दोन स्टेशनांमधली मोकळी जागा

सर्दीने नाकाचा पार नळ झाला म्हणून लेक त्या दिवशी कामावर गेली नाही. सकाळी डबा घेऊन पळायचं आणि दिवे लागले की परतायचं, असा तिचा वर्षानुवर्षांचा खाक्या. त्यामुळे दुपारी आपलं घर कसं दिसतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. आता पडल्या पडल्या दिसलं की पडद्यातून आत आलेलं ऊन भिंतीवरून सरकत कपाटाच्या आरशात शिरतं आणि छतावर पाण्यासारखं हलत राहतं. घरभर एक आवाजही भरून राहिला होता. गाणं नाही, बातम्या नाहीत, नुसती मऊ, अखंड खरखर.

ती उठून आईच्या खोलीत गेली. आई डोळे मिटून पलंगावर पडलेली, उशाशी बाबांचा जुना रेडिओ. स्टेशन सुटलंय, असं वाटून लेकीने त्याचा कान पिळायला हात पुढे केला.

"हात लावशील तर याद राख," आई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली.

"अगं, स्टेशन सुटलंय आई. खरखर चाललीय नुसती."

"सुटलं नाहीये. लावलंय."

लेकीने वाकून काटा पाहिला. तो दोन स्टेशनांच्या बरोबर मध्ये उभा होता. कुठली जागा ती, हे तिने झोपेतही ओळखलं असतं.

बाबा प्रसारणाच्या नियामक कार्यालयात 'ऐकणारे' होते. एका स्टेशनाने दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून मध्ये थोडी जागा मोकळी सोडायची, हा तिथला जुना नियम. ती मोकळीच आहे ना, हे कानाला यंत्र लावून तपासायचं, ही बाबांची नोकरी. म्हणजे काहीच ऐकू येत नाही याची खात्री करण्याचा त्यांना पगार मिळत असे, आणि यावरून सगळे त्यांची यथेच्छ टिंगल करत. बाबांचा मूळचा स्वभावच असा की शब्द खर्चायला जिवावर यायचं. घर पडलं तरी 'हं' म्हणतील, असं आई म्हणायची. कार्यालयात त्यांना मौनीबाबा म्हणत. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, कायदे विभागात, पुढे लेक लागली. तिला सगळे भोंगा म्हणत, यावरून काय ते समजा. निवृत्तीनंतर बाबा रोज दुपारी आईच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून तीच मोकळी जागा ऐकत बसायचे. सवय, दुसरं काय! खुर्ची अजून तिथेच होती.

"दुसऱ्या बायकांना नवरा गेला की त्याचा आवाज आठवतो," आई म्हणाली. "मला ह्यांचा आवाज नीट आठवतच नाही गं. बोलले कधी? पण गप्प कसे बसायचे, ते अस्सं." तिने रेडिओकडे बोट केलं. "हे लागलं की वाटतं, बसलेत खुर्चीत. मग डोळा लागतो. नाहीतर मी टक्क जागी. रात्रीची झोप तर ह्यांच्याबरोबरच गेली. ही दुपारची तेवढी उरलीय."

लेकीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. कारण ती मोकळी जागा ती स्वतःच देऊन टाकणार होती.

जुना कायदा जुन्या यंत्रांसाठी होता. ती तापली की त्यांचं स्टेशन काट्यावर इकडेतिकडे सरकायचं, म्हणून मध्ये एवढी जागा लागायची. नवी यंत्रं तसूभर हलत नाहीत. मग दोन बलाढ्य स्टेशनांमधल्या अशा सगळ्या मोकळ्या जागा छोट्या लोकांना का देऊ नयेत? दूरच्या वस्त्या, ज्यांची बोली कुठलंही स्टेशन बोलत नाही, असे लोक कधीपासून रांगेत होते. या सुधारणेसाठी लेक जिवाचं रान करत होती. साहेबांशी भांडली होती, मोठ्या स्टेशनवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता फक्त जाहीर सुनावणी उरली होती. तिथे उभं राहून तिला एक वाक्य म्हणायचं होतं: ही जागा कोणाच्याही वापरात नाही.

जेवताना तिने आईला एका दमात सगळं सांगून टाकलं. आई घास चावत राहिली.

"हरकत घ्यायची असली तर कुठे यायचं?"

"आई!"

"विचारलं नुसतं."

सुनावणी दुपारची होती. उंच खिडक्यांचं दालन, जेवून आलेले अधिकारी, संथ फिरणारा पंखा, उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी धूळ. लेक बोलायला उभी राहिली तेव्हा तिला आई दिसली. तिसऱ्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी रेडिओच्या एरियलची कांडी. आई काही खुणावत नव्हती. नुसती बघत होती.

लेक त्या वाक्यापाशी आली आणि थांबली. सगळे वाट बघत होते. ते म्हणून टाकलं असतं तर काम फत्ते होतं. आई चारचौघांत लेकीला खोटं पाडणार नाही, हेही तिला माहीत होतं. त्याचीच तिला लाज वाटली.

"या जागेचा वापर..." ती म्हणाली, "एक व्यक्ती करते, साहेब. माझी आई."

हशा पिकला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "बाई, एका जरी माणसाचा वापर असला आणि त्याने हरकत घेतली, तर चौकशी नव्याने करावी लागते. कल्पना आहे ना? पुन्हा पहिल्यापासून."

"आहे," लेक म्हणाली.

आई उठली. तिने टेबलावर रेडिओ ठेवला, हलक्या हाताने काटा जागेवर आणला. "आधी ऐका तर," ती म्हणाली.

खरखर दालनात पसरली. आधी दोघं-तिघं खुदखुदले, मग तेही निवले. टिपणं घेणाऱ्याची लेखणी थबकली. मोठ्या स्टेशनांचा वकील खिडकीबाहेर बघू लागला. बघता बघता सगळं दालन पाण्याखाली गेल्यासारखं झालं, सावकाश आणि हिरवट, आणि लेकीला वाटलं की इथे बसलेला प्रत्येक जण आपापल्या कोणाशेजारी तरी बसलाय. तिला बाबांच्या सदऱ्याचा इस्त्रीचा वास आला. अध्यक्षांनी डोळे मिटले होते, आणि ते झोपले होते असं मी म्हणणार नाही.

फक्त मागच्या बाकावरची एक बाई टक्क जागी होती. आईच्या नजरेतून ती सुटली नाही. "तुम्ही कोण?"

"मी सुईण. डोंगरापलीकडनं आले. ही जागा आम्ही मागितलीय." बाई उभी राहिली. "पाणी चढलं की रस्ता बुडतो, आणि वरच्या वस्त्यांना कळतच नाही. पोटुशी बाई निघते नि निम्म्या वाटेत अडकते. आमच्या बोलीत कोणी सांगितलं की आज निघू नका, तर ती घरी तरी थांबेल."

"कधीपासून मागताय?"

सुईणीने शेजारच्या तरुण मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही पाळण्यात होती तेव्हापासून."

आई बराच वेळ त्या मुलीकडे बघत राहिली. मग तिने रेडिओ बंद केला. दालन दचकून जागं झालं.

"बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, साहेब," ती म्हणाली, "तशी ह्यांनी जन्मभर ही जागा धरली. कोणासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आता माणूस आलंय म्हटल्यावर रुमाल उचलायला नको? माझी हरकत नाही. लिहून घ्या."

घरी परतताना लेकीच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला. "आई, मी ती खरखर रेकॉर्ड करून देते. हुबेहूब. चोवीस तास ऐक."

"म्हणजे फोटोशेजारी झोपू?" आई म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

सुईणीचं स्टेशन सुरू झालं त्या दिवशी लेक अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. काटा त्याच जागी होता. सुईण आधी खोकली, मग अडखळत रस्त्याचं, पाण्याचं सांगू लागली. बोली निम्मीच कळत होती, पण आईने शेवटपर्यंत ऐकलं.

"बोलते छान," ती म्हणाली. रेडिओ बंद करून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. डोळे सताड उघडे. आरशातून ते लेकीला दिसत होते.

लेक बाबांच्या खुर्चीत बसली. सांगायला पुष्कळ होतं. चांगला डॉक्टर आहे, नवा पंखा आणू, दुपारी बागेत जात जा. तिने तोंड उघडलं, आरशात पाहिलं आणि मिटलं. असं गप्प बसणं तिला जमत नव्हतं, जीभ नुसती वळवळत होती. तरी ती बसली. ऊन भिंतीवरून सरकत आरशात शिरलं, छतावर हलू लागलं. कुठेतरी कोणी भांडी लावत होतं, तेही थांबलं.

"खुर्ची जरा इकडे घे," आई भिंतीकडे बघतच म्हणाली.

लेकीने खुर्ची पलंगाला चिकटवली.

"कामावर नाही जायचं?"

"हं," लेक म्हणाली.

आईने डोळे मिटले.