पिपावरचा शब्द

कंपनी परदेशी, कारखाना शहराच्या कडेच्या गोरव्याचा, आणि पिपांवरच्या इंग्रजी मजकुराचं गुजराती करणारी स्नेहलता शहरातल्याच रावपुऱ्यातली. पिपांत पिकांवरची कीड मारायचं द्रावण असे. इंग्रजीत कवटी होती, 'विष' होतं, आणि रिकामं पीप भोकं पाडून नष्ट करा, असंही होतं. 'विष'ला तिने सरळ गुजराती 'झेर' लिहिलं. कारखान्याचे गजेंद्रसाहेब हसले. इथला शेतकरी स्वतःच त्याला दवा म्हणतो, उगाच कशाला भिववायचं, म्हणाले. कवटी आणि नष्ट करायची ओळ तर त्यांनी काढूनच टाकली. कंपनीच्या मूळ देशात ती ओळ छापतात, हे स्नेहलताला ठाऊक होतं. नव्या नोकरीपायी तिने 'झेर' खोडून 'दवा' लिहिलं.

पुढे एका दुपारी बारा वाजता घरून सासूबाईंचा, इंदिराबाईंचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"शेजारच्या प्रतापरावांनी तुमच्या कंपनीतलं निळं पीप आणून दिलं. काल रिकामी पिपं फुकट वाटली म्हणे. मला मेलीला गुजराती वाचता येत नाही, शाळेला जाताना मनालीने वाचून दाखवलं. दवा लिहिलंय. म्हटलं, औषधाचं पीप, स्वच्छच असणार. सकाळी नळ आला तेव्हा प्यायचं पाणी भरून ठेवलं."

स्नेहलताच्या तोंडून शब्द फुटायच्या आत फोन बंद झाला. आपलं सांगून झालं की रिसीव्हर ठेवायचा, ही त्यांची जुनी खोड. तिने पुन्हा लावला, तर एंगेज. रिसीव्हर नेहमीसारखा तिरका पडला असणार. लेकीची, मनालीची शाळा साडेबाराला सुटायची, आणि घरात पाय ठेवताच पोरगी आधी पाणी मागायची.

तिने तशीच रिक्षा पकडली. प्रत्येक सिग्नलला ती देवाला हात जोडत होती. इतकी भीती तिला जन्मात वाटली नव्हती.

जिना चढून ती आत आली, तेव्हा मनालीने पेला ओठांशी नेला होता. स्नेहलताने तो हाताने उडवला. पोर रडायला लागली.

"प्यायलीस? एक घोट तरी?"

"नाही. पण आई, त्यावर दवा लिहिलंय."

स्नेहलताने सुटकेचा श्वास सोडला. मग तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम होता, तोंडातून लाळ गळत होती.

"पोरीला द्यायच्या आधी मी पिऊन बघितलं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तेच पितेय. तुझ्या हातचं लिहिलेलं, म्हणून निर्धास्त होते गं."

सयाजीगंजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचे हात थरथरू लागले होते. डॉक्टरांनी वाकून, काय प्यायलात म्हणून, गुजरातीत विचारलं, "माजी, शुं पीधुं?"

"दवा," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर थांबले. कुठली दवा, म्हणून त्यांनी स्नेहलताकडे पाहिलं.

"झेर," ती म्हणाली. "दवा मी लिहिलं होतं."